अहिरेबाईंचा दुसरा रकाना

आई गेली त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी आठ वाजता तिच्या पाठीत दुखू लागलं. मग जबडा दुखू लागला. तिला घाम आला आणि ओकारी झाली. नऊ वाजता मी तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काल संध्याकाळी काय जेवलात?" आई म्हणाली, "पोळी, भाजी, आमटी, भात, भजी." डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. साडेदहाला आम्ही घरी आलो. सव्वा वाजता आई गेली.

त्या डॉक्टर म्हणजे यमुना अहिरे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण त्या स्वतः कायम इथूनच करत.

तिसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. नाशिकला पंचवटीत आमच्या दोन खोल्या होत्या. आई जिथे गेली तिथे दिवा लावलेला होता, नाना भिंतीला टेकून बसले होते आणि अकोल्याहून देवदर्शनाला आलेले दोघे नातलग परतायचं कसं या विचारात होते. पंचवटीतल्या घरांना असे पाहुणे सवयीचे असतात. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, यायचं असलं की कुणाला ना कुणाला आपलं घर आठवतं. त्या पाहुण्यांसाठीच बुधवारी भजी झाली होती.

ठेंगणी, सावळी, फिक्या सुती साडीतली बाई दारात उभी राहिली. उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. वय तिशीच्या आत. मी ओळखलं.

"मी डॉक्टर अहिरे," त्या नानांना म्हणाल्या. "गुरुवारी सकाळी मीच त्यांना तपासलं होतं."

"मग?" नाना म्हणाले.

"माझं चुकलं. त्यांना हार्ट ॲटॅक आला होता. मी पित्त समजले."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. अकोल्याचे काका उठून बाहेर गेले. आपली चूक सांगायला डॉक्टर घरी येतो, हे आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं.

"एक विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "भजी किती खाल्ली होती त्यांनी?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

"नव्हती खाल्ली," मी म्हणाले. "संपली होती. शेवटची दोन मी खाल्ली."

"पण त्या तर म्हणाल्या–"

तेव्हा शेजारच्या गोदाकाकू चुलीपाशी आमच्यासाठी पिठलं करत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अहो डॉक्टरीणबाई, बाईमाणसाला काय जेवलात विचारलं, तर घरात काय केलं होतं तेच ती सांगणार. तिचं वेगळं काय असतं?"

अहिरेबाई गोदाकाकूंकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, "मग त्या काय जेवल्या?"

त्या रात्री आईला धरून आम्ही घरात पाच माणसं होतो. नानांना माहीत नव्हतं. पाहुण्यांना माहीत नव्हतं. मी आईबरोबर भांडी घासली होती, मलाही माहीत नव्हतं. दवाखान्यात आईने भजी म्हटलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. त्यात काही सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी बी.ए. झाले आणि एका वाचनालयात अर्धवेळ लागले. एका दुपारी अहिरेबाई तिथे आल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या. त्यांना बायकांच्या हृदयविकाराचा आणि त्यांच्या जेवणाचा अभ्यास करायचा होता. वरिष्ठांनी परवानगी दिली होती, माणूस दिला नव्हता.

"तुझं अक्षर कसं आहे?"

"बरं आहे."

"नसलं तरी चालेल. मला खरं सांगणारं माणूस हवंय. तू त्या दिवशी भज्यांचं सांगितलंस."

मी होकार का दिला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. नानांना मी वाचनालयाचंच काम आहे असं सांगितलं. महिन्याभराने त्यांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुझं तू बघ. त्या बाईला घरी चहाला आणू नकोस." हे आईमुळे होतं की बाईंच्या आडनावामुळे, ते मी नानांना कधी विचारलं नाही.

बाई मूळच्या देवळ्याच्या. वडील प्राथमिक शिक्षक. घराने बौद्ध धर्म स्वीकारला तेव्हा त्या शाळेत होत्या. दवाखान्यात त्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, पण भाऊ भेटायला आला की व्हरांड्यातून अहिराणी ऐकू येई आणि त्यांचा आवाज निराळाच लागे, थोडा वरचा, थोडा थट्टेचा. आम्ही शेजारून गेलो की तो लगेच खाली येई.

अभ्यासासाठी त्यांनी एक फॉर्म तयार केला होता. नाव, वय, बाळंतपणं, उपास, कामाचे तास, कुठे दुखतं, कधी दुखतं. खाली दोन रकाने. पहिला, 'घरात काय केलं'. दुसरा, 'ताटात काय पडलं'. पहिला विचारून भरायचा. दुसरा विचारायचाच नाही. बाई जेवायला बसेपर्यंत तिच्या घरी थांबायचं, ताट डोळ्यांनी बघायचं आणि मग लिहायचं. बघायला मिळालं नाही तर रकाना रिकामा ठेवायचा.

"अंदाजाने काही लिहायचं नाही," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "अंदाजाने काय होतं ते आपल्या दोघींना माहीत आहे."

फॉर्म क्रमांक एक त्यांनी स्वतः भरला होता. तो आईचा होता. पहिल्या रकान्यात पोळी, भाजी, आमटी, भात, भजी. दुसरा रिकामा. खाली 'निदान' या शब्दापुढे त्यांनी 'पित्त' असं लिहून त्यावर एकच रेघ मारली होती. खोडलेलं वाचता यावं अशी.

थांबणं हेच खरं काम होतं. सायखेड्याला एका घरी आम्ही सकाळी दहाला गेलो. सून तिशीची, जिना चढताना दम लागतो अशी तक्रार. बारा वाजता पुरुष जेवले, मग पोरं, मग गडी. एक वाजला, दोन वाजले. आम्ही ओसरीवर. सासू तंबाखू मळत आमच्याकडे बघत होती.

"काय वो डाक्तरीणबाई, घरी कामधंदा नाय का तुमाला?"

"हाच धंदा आहे, आजी."

"आमच्या सुनंचा घास मोजायला आल्या व्हय? आमी काय उपाशी ठेवतो का तिला?"

"तिचा मोजला की तुमचाही मोजणार आहे."

"माजा?" म्हातारी हसली. तिच्या तोंडात तीनच दात होते. "माजा मोजून काय घेतीस बाई? माजी तर सासू मरून लय वर्सं झाली."

अडीच वाजता सून जेवायला बसली. अर्धी भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि ज्या कढईत सकाळी सगळ्यांसाठी पापड-कुरडया तळल्या होत्या, तिच्या बुडाचं काळपट तेल. ते तिने भाकरीने पुसून घेतलं. भाकरीबरोबरचं कोरड्यास संपलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं.

"तेल कशाला गं खातेस ते?" बाईंनी विचारलं.

"टाकवत नाय," सून म्हणाली.

तेवढ्यात म्हातारी आत आली आणि आमच्यासमोर मांडी घालून बसली. "आता माजं लिवा," ती म्हणाली. "मला आजपत्तुर कोनी इचारलं नाय." बाईंनी फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि तिचा फॉर्म स्वतः भरला. परतीच्या एस.टी.त त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

पुढे ते काळपट तेल इतक्या ताटांत दिसलं की मला त्यासाठी खूण ठरवावी लागली. रकान्यात मी नुसता एक ठिपका देत असे. तळणीचं उरलेलं तेल, जास्तीचं मीठ, लोणच्याचा खार, जेवणाऐवजी चहा, आणि आठवड्यातले दोन-तीन उपास. दोन्ही रकाने सारखे भरले गेलेत असा फॉर्म मला आठवत नाही.

बायकांना ईसीजीला आणणं त्याहून अवघड होतं. यंत्र चालवणारे गृहस्थ होते आणि छाती उघडी करायला बाया तयार नसत. त्या गृहस्थांनाही त्यात रस नव्हता. "बाई, यांना पित्त असतं हो. कागद कशाला वाया घालवता?" असं ते आमच्यासमोरच म्हणत. अहिरेबाईंनी महिनाभरात ते यंत्र स्वतः चालवायला शिकून घेतलं. खोलीत आपल्या जुन्या साडीचा आडपडदा लावला. हात गार असायचे म्हणून कपभर गरम पाणी जवळ ठेवत, त्यात बोटं बुडवून मगच हात लावत.

आमच्या विभागात हिराबाई नावाची सफाईकामगार होती. बाईंचा नियम असा की हिराबाईने डबा उघडल्याशिवाय आपण उघडायचा नाही. रोज दीड वाजता त्या विचारत, "हिराबाई, जेवलात?" हिराबाई हो म्हणाली तर चालत नसे. "दाखवा ताट." एकदा हिराबाई वैतागून म्हणाली, "बाई, तुमच्या पायी मला भूक नसताना जेवावं लागतंय. माझा नवरा म्हणतो, दवाखान्यात कामाला जाते का जेवायला जाते?" बाई हसल्या. त्या हसल्याचं मला आठवतं, कारण ते फार वेळा घडत नसे.

स्वतःच्या बाबतीत मात्र हा नियम लागू नव्हता. एक दिवस मी गुपचूप त्यांचाच फॉर्म भरला आणि गठ्ठ्यात घातला. घरात काय केलं, 'माहीत नाही'. ताटात काय पडलं, 'चहा, चहा, अर्धी पोळी, चहा'. तपासताना तो त्यांच्या हाती आला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"पाहून लिहिलंय."

त्यांनी तो परत गठ्ठ्यात ठेवला. "मग बरोबर आहे," म्हणाल्या.

एक प्रसंग सांगायला मला जड जातं, कारण तो माझ्या ओळखीच्या घरातला आहे. पंचवटीत तीर्थाला आलेल्या यजमानांचे विधी करणारं एका उपाध्यांचं घर होतं. तिथल्या काकूंना घाटाच्या पायऱ्या चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होई. मी बाईंना घेऊन गेले. काकू दारात आल्या, मला 'ये' म्हणाल्या आणि बाईंना म्हणाल्या, "तुम्ही ओट्यावर बसा हं. आत सोवळ्याचं आहे." मी तिथेच थांबले. मला आत जायचं नव्हतं.

"जा तू," बाई म्हणाल्या. "तुझं आडनाव चालतं. ताट बघ आणि ये."

मी गेले. तीन वाजता काकू जेवल्या. गार भात, त्यावर पुऱ्या तळून उरलेलं तेल, मीठ. मी बाहेर येऊन सांगितलं आणि बाईंनी ओट्यावर बसून लिहिलं. आम्ही जोशी. त्या दिवशी उन्हात बसलेल्या बाईंच्या शेजारी मी उभी होते आणि मला त्यांच्याकडे बघता येत नव्हतं. "चेहरा पाडू नकोस," त्या म्हणाल्या. "आपल्याला ताट हवं होतं, मिळालं."

काकूंना त्यांनी ईसीजीला बोलावलं. काकू आल्या. पडद्याआड बाईंनी गरम पाण्यात बोटं बुडवली, त्यांच्या छातीवर हात ठेवले, अर्धा तास त्यांना तपासलं. काकूंच्या हृदयाला खरोखरच इजा झालेली होती. त्या औषधांवर पुढे बरीच वर्षं जगल्या. महिन्याभराने त्यांनी माझ्या हाती एक पितळी डबा दिला. आत बेसनाचे लाडू. "बाईंना दे. मनापासून केलेत म्हणावं." मी निघाले तशी मागून म्हणाल्या, "आणि डबा परत नको हं."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. काही गाळून सांगायची सवय राहिली नव्हती. बाईंनी एक लाडू हिराबाईला दिला, एक मला. मग डबा पुसून त्यात पेन्सिली ठेवल्या. त्या निरोपाचे दोन्ही अर्थ त्यांना कळले होते. त्या दवाखान्यात असेपर्यंत डबा त्यांच्या टेबलावरच राहिला.

एकदाच एका बाईचा जीव आमच्या डोळ्यांसमोर वाचला. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या हंगामात खोकी भरणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एक, चाळिशीची, गालाला फडकं बांधून काम करत होती. दाढ दुखते म्हणून तिने दोन दाढा काढून घेतल्या होत्या.

"दाढा गेल्या तरी दुखतं?" बाईंनी विचारलं.

"हो ना. खोकं उचललं का दुखतं. ठेवलं का थांबतं."

बाईंनी तिची नाडी धरली. त्यांचा चेहरा मी पाहत होते. त्यांनी तिला तिथेच खोक्यांना टेकवून बसवलं आणि द्राक्षांनी भरलेल्या टेम्पोच्या चालकाला सांगितलं, "गाडी काढा."

"बाई, माल मुंबईला जायचाय."

"नाशिकवरूनच जाणार ना? मग चला."

वाटेत ती बाई सारखी उठू बघत होती. "मला घरी सोडा वो. पोरं शाळेतून येतील. भाकऱ्या व्हायच्यात."

"आज त्यांना करू दे," बाई म्हणाल्या.

"त्यांना येत नाय."

"मग शिकतील."

ती वाचली. बाई तिच्या खाटेशी दोन दिवस होत्या. मला वाटलं, आता त्यांना थोडं बरं वाटेल. तिसऱ्या दिवशी तिचा फॉर्म भरताना मी 'जबडा दुखणे' असं लिहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या आईनेही सांगितलं होतं. पाठ आणि जबडा. दोन्ही सांगितलं होतं. मी भजी ऐकली." त्यावर मी काही बोलले नाही. त्या वेळी बोलायला हवं होतं.

ऐंशी सालानंतर त्यांनी हे सगळं शहरातल्या डॉक्टरांच्या एका बैठकीत वाचलं. मी मागच्या रांगेत कागद घेऊन बसले होते. त्या तळणीच्या तेलाबद्दल सांगू लागल्या तसे काहीजण कुजबुजू लागले. अध्यक्षस्थानी शहरातले एक ज्येष्ठ डॉक्टर होते. ते हसत म्हणाले, "अहिरेबाई, हे संशोधन आहे की पाककृतींचं पुस्तक?" सभागृह हसलं.

बाईंनी हसू थांबण्याची वाट पाहिली. मग त्यांनी हातातले कागद टेबलावर पालथे ठेवले आणि फॉर्म क्रमांक एक तोंडपाठ सांगितला. वय, तक्रारी, वेळा. "या बाईंनी मला पाठ सांगितली, जबडा सांगितला, घाम सांगितला," त्या म्हणाल्या. "मी काय जेवलात विचारलं. त्यांनी घरच्यांचं जेवण सांगितलं. मी पित्त लिहिलं. घरी पोचल्यावर पावणेतीन तासांनी त्या वारल्या. त्यांना घरी मी पाठवलं."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. जिन्यात एक तरुण डॉक्टर दुसऱ्याला म्हणत होता, "असं चारचौघांत सांगतात का? वेडीच आहे." खाली आल्यावर बाईंनी विचारलं, "तुला विचारलं नाही मी. तुझी आई होती. सांगितलेलं चाललं ना?"

"चाललं," मी म्हणाले.

तो निबंध कुठे छापला गेला नाही. तीन ठिकाणांहून परत आला. सांगितलेल्या चुकीची मात्र वर नोंद झाली. चौकशी होऊन काही निष्पन्न झालं नाही, पण बाईंची बदली पेठकडच्या डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात झाली. तिथे ईसीजीचं यंत्र नव्हतं. फॉर्मचे गठ्ठे दवाखान्यातल्या आमच्या खोलीत होते. त्या गेल्यावर खोली दुसऱ्या विभागाला हवी झाली. कुणीतरी गठ्ठे व्हरांड्यात आणून ठेवले. मी चार दिवस तापाने घरी होते. परत आले तेव्हा पाऊस येऊन गेला होता. शाई पसरून रकान्यांच्या रेघाच राहिल्या होत्या. ते बाईंना कळवायला मला दोन महिने लागले. उत्तराचं पोस्टकार्ड आलं. 'कागद गेले. ताटं तू पाहिली आहेस. जेवतेस ना?'

त्या डोंगरातच त्यांना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. भाऊ त्यांना देवळ्याला घेऊन गेला. मी एका रविवारी भेटायला गेले. बरोबर फॉर्म क्रमांक एक नेला होता. ती फाइल माझ्या घरी असायची, म्हणून वाचली होती. बदलीच्या वेळी मागे राहिलेला पितळी डबाही नेला.

घरापुढे कांदा वाळत पडला होता. भावजय दारात आली. "बठा ताई, चहा ठेवस," म्हणाली आणि हळूच सांगितलं, "त्यासले भूकच नही." बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. घड्याळ अजून उजव्या मनगटावरच होतं. डबा पाहून त्यांनी तो मांडीवर घेतला. झाकण उघडून आत पेन्सिली आहेत का ते पाहिलं आणि डबा माझ्याकडे परत सरकवला.

मग त्यांनी हात पुढे केला. मी फाइल दिली. फॉर्म त्यांनी डोळ्यांजवळ धरला.

"दुसरा रकाना," त्या म्हणाल्या. शब्द सुटायला वेळ लागत होता.

"रिकामा आहे."

"भजी... खाल्ली असतील. एखादं."

त्या तिसऱ्या दिवसानंतर इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. त्यांच्या डोळ्यांकडे पाहून मला वाटलं, हो म्हणावं. एक भजं आईच्या ताटात पडलं असं म्हणायला काय जात होतं? पण ते मी पाहिलं नव्हतं.

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. "शेवटची दोन मी खाल्ली होती."

त्यांनी मान हलवली. मग त्यांचा उजवा हात माझ्या हातावर आला. गार होता.

"तू लहान होतीस," त्या म्हणाल्या.

"एकोणीस वर्षांची होते."

"लहान."

मला रडू आलं. मी ते आवरलं, कारण भावजय ताट घेऊन आली होती. भाकरी, वांग्याची भाजी, वाटीत दूध. तिने ताट खाटेवर ठेवलं. बाईंनी ते बोटांनी तिच्याकडे लोटलं.

"आधी तू."

"रोजचंच शे हे," भावजय मला म्हणाली आणि हसली. मग ती जमिनीवर बसली, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि जेवू लागली.

मला पाचची एस.टी. गाठायची होती. फाइल आणि डबा उचलून मी निघाले. दारातून मी वळून पाहिलं. बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या पुढे झुकून भावजयीच्या ताटात बघत होत्या.

त्या गुरुवारी बाईही तिशीच्या आतल्याच होत्या. तुम्हीही लहान होतात, असं मला म्हणता आलं असतं. ते मला एस.टी. सुटल्यावर सुचलं. पुढच्या रविवारी जाऊन सांगायचं ठरवलं. शुक्रवारी बाई गेल्याचं त्यांच्या भावाचं पोस्टकार्ड आलं.

पितळी डबा माझ्या टेबलावर आहे. फाइलमध्ये एक फॉर्म आहे. त्याचा दुसरा रकाना रिकामा आहे.